टेकाडावरचा तंबू

"तंबू इथेच राहू दे. मी वरून बघणार आहे. परत येईपर्यंत हलवू नकोस."

मास्तर जाताना एवढंच बोलले होते, तेही पाठमोरे, काठीचं टोक खडकावर ठोकून बघत. त्यांची बायको स्टोव्हपाशी वाकलेली होती. वर न बघताच ती म्हणाली होती, "नाही हलवणार. जा तुम्ही." संसारातले बहुतेक शब्द असेच दिले जातात, हात कामात आणि लक्ष चहाच्या आधणावर. म्हणून त्यांचं वजन कमी होत नाही.

आता ती त्याच तंबूत बसली होती आणि बाहेर शोधपथकाची माणसं आपले दोर गुंडाळत होती. दोर गुंडाळताना माणसं एरवी बोलतात, एकमेकांची टिंगल करतात. ही माणसं गप्प होती आणि तिच्या तंबूकडे पाठ करून काम उरकत होती. त्यावरून तिला कळायचं ते कळलं. पथकाचा प्रमुख, पांढऱ्या मिशांचा पोक्त माणूस, तिच्या दिराला जरा लांब तळ्याच्या काठाशी घेऊन गेला. काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. दिराने मान खाली घातली, बुटाने एक दगड पाण्यात लोटला आणि तो दिसेनासा होईपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिले.

मास्तर तंबू बेतत आणि ती शिवत असे. गावात बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या वर राहायची जागा. खोलीत मधोमध कापड बेतायचं टेबल. ते इतकं लांब की लग्न होऊन आली तेव्हा तिला धडकी भरली होती, ह्या घरात जेवायला किती माणसं बसतात कोण जाणे. भिंतीला कापडाचे तागे उभे असत, कोपऱ्यात जाड सुईचं पायमशीन, आणि खिडकीत मेणाचा डबा, मेण उन्हाने आपसूक मऊ पडावं म्हणून ठेवलेला. शिवण दुहेरी घालायची आणि मग सुईच्या एकूण एक भोकावर बाहेरून मेण चोळायचं. चोळताना ती देवाचं नाव घेई, एका भोकाला एकदा. तिचा तो नेमच होता. मास्तर म्हणत, बरं आहे, तुझा तंबू गळला तर गिऱ्हाईक माझ्याकडे न येता थेट वर तक्रार करील.

दुकानाचा एक रिवाज होता, मास्तरांच्या वडिलांपासूनचा. नव्या बेताचा पहिला तंबू विकायचा नाही. ज्यांनी तो केला त्यांनी आधी त्यात राहून यायचं. राहायचं ते ह्या डोंगरातल्या तळ्याकाठी, जिथे ना रस्ता, ना दिवा, ना शेजार. पाणी तळ्याचं, सरपण वाळल्या झुडपांचं, आणि वारा हवा तेवढा. तळं एवढंसं, इकडून हाक मारली तर तिकडच्या काठाला ऐकू जाईल इतकं. पहिल्या वर्षी ती थंडीने रडली होती. पुढे पुढे मात्र वर्षभर वाट बघू लागली, कारण तिथे मास्तरांचं लक्ष गिऱ्हाइकात नसे, आणि रात्री दोघांना एकाच कंदिलात गप्पा मारता येत.

दुसरा रिवाज मास्तरांचा स्वतःचा. तळ्याजवळच्या टेकाडावर तंबू उभा केला की ते समोरच्या डोंगराच्या धारेवर चढत आणि तिथून खाली बघत. म्हणत, जवळून सगळेच तंबू चांगले दिसतात, माणसांसारखे. वरून बघितलं की आढं कुठे वाकलंय, कुठला तणाव्याचा दोर फुकटची ओढ खातोय, सगळं उघडं पडतं. त्यासाठी पहिला तंबू ते नेहमी पिवळ्याधमक कापडाचा करत. संध्याकाळी खाली आले की आधी पाणी पीत, मग तिची एक तरी चूक सांगत, आणि ती रुसून त्यांना पानात मीठ वाढायचं विसरे. दर वर्षी.

धाकटा दीर माल पोचवायची गाडी चालवी. त्याला तंबूतलं ओ की ठो कळत नसे. ज्यात उकडतं आणि ज्याची घडी कधी पहिल्यासारखी होत नाही ते म्हणजे तंबू, एवढंच त्याचं मत होतं, आणि ते तो गिऱ्हाइकांपुढेही सांगे.

त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मास्तर चढताना तिला बराच वेळ दिसत राहिले, मुंगीएवढे होईपर्यंत. मग धारेवरच्या खडकांत शिरले आणि दिसेनासे झाले. तिने भांडी घासली, अंथरुणं उन्हात टाकली. आणि वारा फिरला.

तळ्याकडून येणारा वारा एकाएकी खिंडीतून यायला लागला, आणि तंबूचं तोंड नेमकं खिंडीकडे होतं. कापड पोट फुगवून उभं राहिलं. आढ्याची शिवण, तिचीच शिवण, ताणून पांढरी पडली. मागची एक मेख मातीतून अर्धी वर आली.

तंबूच्या तोंडात वारा शिरू द्यायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दुकानात पाऊल टाकल्यापासून ऐकलेली पहिली गोष्ट ती. वारा फिरला तर तंबू फिरवायचा, आडोसा असेल तर आडोशाला न्यायचा. कापड फाटलं की माणूस उघड्यावर पडला. तिने धारेकडे बघितलं. शब्द आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तिला वाटलं, फाटका तंबू वरून बघून ह्यांना तरी काय मिळणार? तिने मेखा उपटल्या, कापड छातीशी घट्ट धरलं आणि टेकाडाच्या मागच्या खोलगट जागेत नेऊन तंबू पुन्हा उभा केला, वाऱ्याकडे पाठ करून. दोन माणसांचं काम तिने एकटीने केलं. शेवटचा तणावा आवळून ती दोन पावलं मागे सरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिला हसू आलं. आता काढा म्हणावं खोड.

तो आनंद आता तिला सगळ्यात जास्त खात होता. चूक करताना माणूस घाबरलेला असला तर पुढे स्वतःला क्षमा करायला काहीतरी जागा उरते. ती तर खूश होती.

दुपारनंतर ढग खाली उतरला. आधी धार गेली, मग उतार गेला, मग तळंही गेलं, आणि तिच्यापाशी तंबू आणि हातभर गवत एवढंच जग उरलं. तिने हाका मारल्या. ढगात हाक जात नाही, कापसात सुई टाकावी तशी हरवते. सांजेला तिने रोजच्या नेमाने दिवा लावला, हात जोडले, ह्यांना खाली आण म्हणाली. चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. उजाडल्यावर ती धावतपळत डोंगराखालच्या वनरक्षकाच्या चौकीवर गेली. शोधपथक आलं, दीर आला. सगळ्यांनी आधी अलीकडचाच उतार पिंजून काढला, कारण मास्तरांसारखा मुरलेला माणूस पडला असेल तर अलीकडेच, परत येताना.

काठी सापडली ती पलीकडे.

धारेच्या पलीकडेही एक तळं आहे, ह्याच्यासारखंच, एवढंसंच, काठाला तसंच टेकाड. वरून बघितलं तर दोन्ही तळी जुळ्या बहिणी. पलीकडच्या उतारावर निसरडे खडक आहेत आणि त्यांच्याखाली घळ, जिच्या तळाशी पाणी नुसतं आपटत असतं. काठी घळीच्या तोंडाशी एका फटीत अडकलेली होती. माणसं दोर लावून जिथवर उतरता आलं तिथवर उतरली आणि रिकामी वर आली. पथकाच्या प्रमुखाला एकाच गोष्टीचं कोडं पडलं होतं, आणि ते तो ज्याला त्याला विचारत होता. वर्षानुवर्षं इथे येणारा माणूस, ढग असो की नसो, चुकीच्या बाजूला उतरेलच कसा? दिराने त्यावर म्हटलं, दादाला चकवा लागला असेल. प्रमुखाने मान हलवली. चकव्याला तो मानत नव्हता, पण त्याच्यापाशी दुसरं उत्तरही नव्हतं.

उत्तर तिच्यापाशी होतं. काठी हातात आली त्या क्षणी तिला सगळं दिसलं, वरून दिसावं तसं. मास्तर धारेवर उभे आहेत. चारी बाजूंनी ढग. कुठली बाजू कुठली ते कळत नाही. मग ढग जरासा फाटतो आणि खाली तळं दिसतं, काठाला टेकाड. टेकाडावर काही नाही. मास्तर स्वतःशी म्हणतात, हे आपलं तळं नव्हे. आपल्या तळ्यावर पिवळा तंबू आहे. ती म्हणाली आहे, हलवणार नाही. आणि ते वळतात.

त्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा तिचा शब्द खरा धरला होता.

पथक खाली गेलं. जाताना दिरासाठी त्यांनी आपला एक छोटा तंबू ठेवला. संध्याकाळी पाऊस सुरू झाला तसा दीर तिच्याकडे आला, वाकून आत शिरला आणि बसता बसता त्याचं डोकं कापडाला लागलं.

"डोकं लावू नका भाऊजी, पाझरतं," ती म्हणाली. ओल्या कापडाला आतून स्पर्श झाला की तिथूनच पाणी आत यायला लागतं. तिच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं.

तो पुढे सरकून बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. गाडीचं टायर बसलंय म्हणाला. दुकानाला कुलूप लावून आलोय, पण खिडकी उघडी राहिली असेल, मेणात धूळ बसेल म्हणाला. मेणाची काळजी त्याने जन्मात कधी केली नव्हती. मग सांगितलं की आई दारात बसून आहे, कुणी उठवलं तरी उठत नाही, उद्या दुपारपर्यंत आपण खाली उतरू. उद्यापासून इथे बर्फसुद्धा पडू शकतं असं प्रमुख म्हणाला. तंबूची घडी मी करतो, तुम्ही नुसतं सांगत जा. जमेल तशी करीन, दादा काही...



तिने दिव्याची वात सारखी केली. आजही दिवा लावला होता, हातही जोडले होते. पण जोडलेल्या हातांत काय घालायचं ते तिला कळेना. परवापर्यंत ती मागत होती. आता काही मागायचं म्हणजे देवाला झालेलं पुसायला सांगायचं, आणि ते तो करत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती नुसती बसून राहिली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तंबू इथे नव्हता."

"म्हणजे?"

"टेकाडावर होता. ते वर गेल्यावर मी हलवला. इथे मागे आणला. इथला तंबू धारेवरून दिसत नाही."

त्याला समजायला वेळ लागला. तिने त्याच्या चेहऱ्यावर ते समजताना बघितलं, एकेक मेख ठोकत जावी तसं.

"त्यांनी सांगितलं होतं, हलवू नकोस. मी हो म्हटलं होतं."

पाऊस कापडावर वाजत राहिला. त्याने विचारलं, आणि विचारताना तिच्याकडे बघितलं नाही. "आम्ही इकडे शोधत होतो, तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मलाही कळलं नव्हतं. काठी सापडली तेव्हा कळलं. मग तुम्ही सगळे घळीतच होतात. सांगून कुणाला काय मिळालं असतं?"

त्याने ओल्या बाह्या वर सारल्या. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वारा होता ना, वहिनी? वारा असेल. कुणीही हलवला असता."

"तुम्ही नसता हलवला."

"मी?"

"तुम्ही आत शिरून डोक्यावर पांघरूण घेऊन पडला असतात. तंबू फाटला असता, तुम्ही चिंब भिजला असतात, माझ्या शिवणीला नावं ठेवली असतीत. आणि वरून त्यांना पिवळ्या चिंध्या दिसल्या असत्या. चिंध्यासुद्धा चालल्या असत्या, भाऊजी. त्यांना नुसता पिवळा रंग दिसायला हवा होता." तिचा आवाज वाढला नाही. शिवताना बोलावं तशी ती बोलत होती. "ज्याला तंबूतलं काही कळत नाही, त्याच्या हातून हे झालं नसतं."

त्याला हसू आलं, कारण ते अगदी खरं होतं, आणि तेच हसू मध्येच मोडलं. तो रडायला लागला. मोठ्या देहाचा माणूस, वाकून बसलेला, गाडीच्या तेलाने काळे झालेले हात तोंडावर. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेतून रडत घरी येई तेव्हाही तिने असाच हात ठेवला होता. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. रडू हे काहीतरी हलकं व्हावं म्हणून असतं, आणि हे हलकं व्हायला नको होतं.

"आईला हे सांगायचं नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी आपण होऊन नाही सांगणार. पण आईंनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"तर मग तिलाच सांगतो, वहिनींना काही विचारू नकोस म्हणून." त्याने नाक पुसलं. "ती माझं कधी ऐकते म्हणा."

उठताना त्याने आधारासाठी हात टेकला तो नेमका कापडावर. पंजा उठला आणि त्या जागेवरून थेंब गळायला लागला, मग दुसरा. ती त्या थेंबांकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलली नाही.

तो दारापाशी गेल्यावर तिने म्हटलं, "तंबूची घडी करू नका. तंबू न्यायचा नाही."

"इथे ठेवून काय करणार? बर्फ पडलं की बसेल, वारा चिंध्या करील."

"करू दे."

मास्तरांच्या दुकानात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. त्याने वळून तिच्याकडे बघितलं. कापड ओलं गुंडाळलं म्हणून ज्या बाईने त्याला गाडी अर्ध्या वाटेवरून परत आणायला लावली होती, ती हीच. मग तो बरं म्हणाला आणि पावसात बाहेर पडला.

पहाटे पाऊस थांबला. ती बाहेर आली तेव्हा तळं काळं आणि स्थिर होतं आणि धार स्पष्ट दिसत होती, इतकी स्पष्ट की बघवत नव्हती. एवढा उजेड त्या दिवशी असता तर. तिने तो विचार तिथेच सोडला. असे विचार तळ्यासारखे असतात, काठ दिसतो म्हणून माणूस उतरतो आणि मग तळ लागत नाही.

दिराच्या छोट्या तंबूतून घोरणं ऐकू येत होतं. रडून झोपलेला माणूस असाच घोरतो. त्याला उठवायचं तिच्या मनात नव्हतं. तिने आपली अंथरुणं बाहेर काढली, भांडी पिशवीत घातली, दिवा हातरुमालात गुंडाळून बाजूला ठेवला. मग तणावे सैल केले. ओल्या मातीतल्या मेखा हाताने हलवून हलवून काढल्या, एकीचाही आवाज होऊ दिला नाही. पिवळं कापड जमिनीवर आलं. भिजून जड झालं होतं. काल पंजा लागलेल्या जागी गोल डाग उमटला होता. तिने त्यावरून हात फिरवला. शिवणीतलं मेण जागच्या जागी होतं, एकाही भोकातून पाणी शिरलं नव्हतं. मास्तरांना ह्यात खोड काढता आली नसती. आली असती. काहीतरी काढलंच असतं त्यांनी.

ती एकदा टेकाडाच्या माथ्यावर जाऊन आली. जिथे तंबू पहिल्यांदा उभा होता, तिथे गवत अजून दबलेलं होतं आणि मेखांची भोकं पावसाच्या पाण्याने भरलेली होती.  धारेवरून ती कुणाला दिसली नसती.

खिंडीतून वारा यायला लागला होता. तंबूचं तोंड पूर्वीसारखंच ठेवायचं, खिंडीकडे. त्यांनी ठेवलं होतं तसं.

तिने कापड खांद्यावर घेतलं, खांब काखेत धरले, मेखा पदरात बांधल्या आणि टेकाड चढायला लागली.